जॉबकार्डावरचा जास्तीचा दिवस

सिग्नल हिरवा झाला तरी पुढची निळी गाडी जागची हलेना.

मागच्यांनी हॉर्नचा नुसता गदारोळ मांडला. पाऊस भुरभुरत होता. स्कूटरवर त्या गाडीला खेटून उभी असलेली ठिणगी आधी वैतागली, कारण नऊच्या ठोक्याला तिला वर्कशॉप गाठायचं होतं. मग तिने काचेतून आत पाहिलं. आतला माणूस घामाघूम होऊन चावी पिळत होता आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होता. तिची नजर गाडीच्या मागच्या दारावरच्या 'हायब्रिड' लिहिलेल्या छोट्या बिल्ल्यावर गेली आणि तिला हसू फुटलं.

तिने काचेवर टकटक केलं. "अहो, चावी सोडा ती!"

काच खाली आली. "बंद पडली हो ताई! सेकंडहँड घेतलीय, आठच दिवस झाले..."

"बंद नाही पडली. थांबलीय. क्लचवर पाय ठेवा."

"पण..."

"ठेवून तर बघा!"

त्याने पाय ठेवला. ना घरघर, ना हिसका... इंजिन अलगद सुरू झालं. तो आधी गाडीकडे आणि मग तिच्याकडे बघतच राहिला.

"सिग्नलला उभी राहिली की ती आपणहून इंजिन बंद करते, पेट्रोल वाचवायला," ती म्हणाली. "आठ दिवस काय करत होतात तुम्ही?"

"प्रत्येक सिग्नलला देवाचा धावा," तो म्हणाला.

आणि हॉर्नच्या त्या कल्लोळात दोघंही हसली. सिग्नल पुन्हा लाल झाला होता.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तिने घरातला एकही दिवा, पंखा, रेडिओ न उघडता सोडला नव्हता, म्हणून दादाने ठेवलेलं. वर्कशॉपमध्ये मात्र सगळे तिला ताई म्हणत. तिच्या वडिलांच्या वयाचे फोरमनकाकासुद्धा. गाडीच्या विजेचं काम असलं की ते ताईकडे जायचं. पाना-हातोडी घेऊन गाडीखाली शिरणारे तिथे दहाजण होते. पण स्कॅनर जोडून पडद्यावर धावणारे आकडे तासन् तास, न कंटाळता, एखाद्या आवडत्या माणसाचं पत्र वाचावं तसे वाचणारी ती एकटीच.

पंधरा दिवसांनी ती निळी गाडी वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. स्टिअरिंगसमोर, वेगाच्या काट्यापाशी लाल दिवा पेटलेला.

"ओळखलंत का?" तो उतरत म्हणाला.

"क्लच," ती म्हणाली.

"हो, तोच मी. पण या खेपेला क्लचवर पाय ठेवला होता हं. शपथेवर सांगतो."

या खेपेला गाडी खरंच आजारी होती. दहा-वीस किलोमीटर ठीक चालायची, मग कुठेतरी अचानक दिवा लागायचा, आणि त्यानंतर एकदा थांबली की पुन्हा सुरू व्हायला मुळीच तयार नसायची. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवसांत एकदाही नाही. मेकॅनिकच्या जिवाला घोर लावणारा आजार.

तो कानाची यंत्रं बसवायचा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या घरी जाऊन कान तपासायचे, यंत्र बसवायचं, आवाज जुळवून द्यायचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला कानाचे डॉक्टर म्हटलं, तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "छे छे, डॉक्टर नाही. मी नुसता कानवाला." झालं! वर्कशॉपभर त्याचं नाव कानवाले पडलं.

"मला जरा समजावून सांगाल?" त्याने विचारलं. "म्हणजे... तुम्हाला वेळ असेल तर."

गाडी सोडून निघून जाणारी, घड्याळ बघणारी, आवाज चढवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. समजून घ्यायचंय म्हणणारा हा पहिलाच. तिने सीटखालचं कार्पेट उचलून दाखवलं.

"ही अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी. पुढे बॉनेटखाली एक साधी बारा व्होल्टची आहे. दिवे, वायपर, रेडिओ सगळं बारावर चालतं. इंजिनच्या पट्ट्यावर एक मोटर बसवलीय, ती अठ्ठेचाळीसवर. तुम्ही चढाला लागलात की ती इंजिनला हात देते. उतारावर पाय उचललात की तीच उलटं काम करते, वीज तयार करून या बॅटरीत भरते."

"मग बाराला वीज कोण देतं?"

तिने चमकून वर पाहिलं. प्रश्न अगदी नेमका होता.

"हा चपटा डबा. कन्व्हर्टर. अठ्ठेचाळीसचे बारा करून पुढे पाठवतो. आणि या प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक छोटा कॉम्प्युटर आहे, त्याला मॉड्यूल म्हणतात. बॅटरीचं मॉड्यूल तिचा ताप बघतं, किती भरलीय ते बघतं. इंजिनचं मॉड्यूल ठरवतं, आत्ता वीज खर्च करायची की साठवायची. ब्रेकचं वेगळं. दोन तारांवरून ही सगळी एकमेकांशी बोलत असतात. सेकंदात कित्येकदा. 'मी आहे', 'माझं ठीक चाललंय', 'मला इतकी वीज दे'... तुम्ही रेडिओ ऐकत मजेत चाललेले असता आणि तुमच्या सीटखाली एवढी चर्चा चाललेली असते!"

बोलता बोलता तिचे डोळे चमकायला लागले होते. ती थांबली, जराशी ओशाळली. "मी फार बोलते."

"नाही," तो म्हणाला. मान किंचित कलती करून तो ऐकत होता. मधे न बोलता, शब्दन् शब्द. "मी दिवसभर लोकांना विचारत असतो, ऐकू येतंय का? आज पहिल्यांदा कुणीतरी मला इतकं नीट ऐकवलं."

तिने उगाचच स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली...

फोरमनकाकांना मात्र या चर्चेत रस नव्हता. "स्कॅनर काय म्हणतो?"

"अठ्ठेचाळीसची बॅटरी गप्प होते म्हणतो. ती गप्प झाली की बाकीचे घाबरून तिला तोडून टाकतात. मग बाराला वीज मिळत नाही, आणि गाडी बसते."

"मग बॅटरी बदल आणि मोकळी हो."

"काका, गप्प होते म्हणजे मेली असं नाही ना. ती गप्प का होते, ते स्कॅनरला कळत नाहीये. तो बिचारा जेवढं कळलं तेवढं सांगतो."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "चार दिवस देतो. नाहीतर बदलायची."

ते चार दिवस तो रोज संध्याकाळी साडेपाचला वर्कशॉपमध्ये हजर व्हायचा. "काही कळलं?" हे निमित्त. मग चहाचे दोन कागदी कप, टायरांच्या चळतीवर बैठक आणि गप्पा. बाहेर पाऊस पत्र्यावर ताल धरायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने कप हातात फिरवत विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी सिग्नलला मी तुम्हाला ताई म्हणालो."

"मग? इथे सगळेच म्हणतात."

"तेच. ते... मागे घेता येईल का?"

ती इतकी दचकली की चहा हातावर सांडला. "मागे घेऊन काय म्हणणार?"

"ते अजून ठरवलं नाही. पण ताई नको."

तो गेल्यावर तिने आरशासमोर उभं राहून गालावरचं ग्रीस पुसलं, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिली.

तिसऱ्या दिवशी त्याने दुसरी गोष्ट सांगितली. वर घाटमाथ्यावरच्या गावात कानाच्या तपासणीचं नवं केंद्र निघत होतं. एक तारखेपासून ते त्याच्याकडे येणार होतं. आसपासच्या बारा वाड्यांवर फिरायचं, जिथे कुणी कधी कान तपासलेच नाहीत अशा माणसांपर्यंत पोचायचं. "गेली सहा वर्षं मी याचसाठी अर्ज करतोय," तो म्हणाला. "म्हणून तर गाडी घेतली. घाटात दगा देणारी गाडी घेऊन मात्र नाही जाता येणार."

"म्हणजे गाडी बरी झाली की तुम्ही जाणार."

"हो," तो म्हणाला. आणि मग जरा वेळाने, "हो ना..."

पत्र्यावरचा पाऊस त्या दिवशी तिला फार मोठ्याने वाजतोयसा वाटला.

सोमवारी, काकांनी दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ती त्याला घेऊन चाचणीला निघाली. तो गाडी चालवत होता, स्कॅनर तिच्या मांडीवर. अर्धा तास काही नाही. मग तो एकदम म्हणाला, "आता दिवा लागेल."

आणि दिवा लागला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सीटखाली एक बारीक शीळ चालू असते. अगदी बारीक. ती थांबली, आणि मग दिवा लागला. दरवेळी तसंच होतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सात वर्षं ती या गाड्यांत डोकं घालत होती. ती शीळ तिने कधी ऐकली नव्हती.

"तो पंखा आहे," ती सावकाश म्हणाली. "बॅटरी गार ठेवणारा. बॅटरी गप्प झाली म्हणून पंखा थांबला असता, तर आधी दिवा लागला असता, मग शीळ थांबली असती. पण पंखा आधी थांबतो... म्हणजे पंखा आणि मॉड्यूल, दोघांचीही वीज आधीच कुठेतरी तुटते! बॅटरीचा दोषच नाही! अहो, तुम्ही... तुमचे कान म्हणजे..."

"काय?"

"काही नाही. समोर बघा. ट्रक येतोय."

काकांनी एक दिवस वाढवून दिला, आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिला दोष सापडला. पंखा आणि मॉड्यूल यांची अर्थिंगची तार एकाच बोल्टवर, कार्पेटखाली, गाडीच्या पत्र्याला कसलेली होती. आधीच्या मालकाने कधीतरी तो भाग रंगवून घेतला होता आणि रंगाऱ्याने बोल्टाखालीही वीज अडवणारा रंग फासला होता. गाडी तापली, हादरली, की तार क्षणभर सुटायची. मॉड्यूल गप्प. आणि ते का गप्प झालं हे न बघता बाकीच्यांनी आपलं काम चोख केलं होतं : धोका नको, तोडा. सगळे शहाणे, सगळे प्रामाणिक, आणि घोटाळा नखाएवढ्या रंगाचा! तिला त्या गाडीचं कौतुक वाटलं. तिने रंग खरवडला, पत्रा लख्ख केला, बोल्ट कसला. दोन तास गाडी फिरवली. शीळ एकसारखी चालू. दिवा नाही.

गाडी बरी झाली होती.

तिने गाडीच्या कामाची नोंद ठेवायचं जॉबकार्ड पुढे ओढलं. पेन हातात घेतलं. सात वर्षांत तिच्या हातून कुठल्याही कार्डावर एक खोटा शब्द गेला नव्हता. तिने लिहिलं : "निरीक्षणाखाली. उद्या देणे."

मग फोन केला. "उद्या मिळेल गाडी."

"आज नाही का जमणार?"

"...नाही."

"बरं. तुम्ही पूर्ण वेळ घ्या. तुमच्यावर भरवसा आहे माझा."

त्या शेवटच्या वाक्याने तिची जेवणावरची वासनाच उडाली. पाच वाजता त्याचा निरोप आला की आज यायला जमणार नाही. म्हणजे ज्या संध्याकाळसाठी हे सगळं केलं, तीही गेली!

घरी वहिनीने ताट वाढलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय झालंय? भाजीत मीठ नाही आणि तू मुकाट्याने खातेयस."

तिने सगळं सांगून टाकलं. वहिनी आधी खुदकन हसली, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून गंभीर झाली. "अगं वेडाबाई, एका दिवसाने काय होणार होतं?"

"एक दिवस मिळाला असता."

"तो नुसता अडवून ठेवून? बोलायचं सोडून?" वहिनीने तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "उद्या सांग त्याला. सगळं."

बुधवारी सकाळी तिने पहिलं काम केलं ते म्हणजे जॉबकार्डावरची ती ओळ खोडून खाली लिहिलं : "मंगळवार, दुपारी दीड वाजता काम पूर्ण." आणि कार्ड नेऊन काकांसमोर ठेवलं. काकांनी ते दोनदा वाचलं. "हे असं का?" तिने कारण सांगितलं, अर्धं शब्दांत, अर्धं मान खाली घालून. काका बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "पुन्हा नको," ते म्हणाले. मग पाठ फिरवून, "घाटात चाचणी घेऊन ये. दोघंही जा."

गाडी शहराबाहेर पडली. पावसाने उघडीप दिली होती, रस्ता ओला, चकचकीत. तो खुशीत होता. "काल तुमची फार आठवण झाली," तो म्हणाला. "म्हणजे गाडीची. म्हणजे... दोघींची. एका मास्तरांकडे जायचं होतं. रिटायर झालेत, एकटेच असतात. लेक जहाजावर नोकरीला. जहाज बंदराला लागलं तरच तिचा फोन येतो. काल चार वाजता येणार होता. मास्तरांना लेकीचा आवाज ऐकून वर्ष झालं, फोन नुसता कानाला धरून बसतात. म्हटलं, त्याआधी यंत्र बसवू. पण दोन बस बदलून पोचेपर्यंत पाच वाजले. फोन येऊन गेला होता."



"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"काय झालं? दिवा लागला?"

"नाही. दिवा आता लागणार नाही. गाडी कालच बरी झाली होती. दुपारी दीड वाजता. मी... मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन आपोआप शांत झालं. सीटखालची शीळ तेवढी चालू होती.

"का?" त्याने विचारलं.

तो वाट बघत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला, पहिल्यांदाच जरा कठोर झाला. "मास्तर काल रडले, ठाऊक आहे? हसत हसत रडले. 'असू दे, पुढच्या बंदराला ऐकेन,' म्हणाले."

"मला त्यांच्याकडे घेऊन चला," ती म्हणाली. "मी त्यांना सांगते. तुम्हाला नंतर सांगते. आधी त्यांना."

त्याने गाडी वळवली.

मास्तरांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दोन पायऱ्या, दारात कुंड्या, आणि खुर्चीत बसलेले मास्तर, कानात नवंकोरं यंत्र. ती समोर उभी राहिली, हात जोडले.

"मास्तर, काल यांना उशीर झाला तो माझ्यामुळे. गाडी तयार होती. मी दिली नाही."

"काय?" मास्तरांनी कानामागे हात नेला.

तिने थोड्या मोठ्याने सांगितलं.

"गाडी दिली नाहीस? का म्हणून?"

तिने मागे पाहिलं. तो फाटकापाशी उभा होता, कुंडीतल्या पानांकडे बघत. "कारण..." ती पुटपुटली, "गाडी दिली की ते निघून जाणार. आणि मला ते... मला ते आवडतात."

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल, मुली!"

तिने डोळे मिटले. "मला हे आवडतात! म्हणून मी गाडी अडकवून ठेवली! माझं चुकलं!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. मास्तर मात्र शांतपणे खुर्चीत मागे टेकले.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं मला," ते म्हणाले. "छान यंत्र आहे. म्हटलं, त्या फाटकातल्या गृहस्थालाही जाऊ दे ऐकू."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आणि लेकीचं म्हणशील," मास्तर पुढे म्हणाले, "तर काल रात्री तिचा लेखी निरोप आलाय. जहाज अजून बंदरातच आहे. उद्या पुन्हा फोन करतेय. जा आता दोघं. माझ्या कुंड्यांवरचं पान अन् पान मोजून झालं असेल त्याचं."

दोघं गाडीत बसली. तिने पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"माझ्या कानांना बारीक आवाजाची सवय आहे," तो अखेर म्हणाला, रस्त्याकडे बघत. "इतका मोठा आवाज नको असतो त्यांना."

"सॉरी..."

"म्हणून ते एकदा हळू आवाजात ऐकायचंय."

तिने वळून पाहिलं. तो हसत होता. डोळ्यांनी, ओठांनी, पूर्ण. आणि तिने ते सांगितलं. इतकं हळू की काचेवर पडणाऱ्या थेंबांनीही त्याहून जास्त आवाज केला असता. त्याने मान किंचित कलती केली आणि शब्दन् शब्द ऐकला.

"माझंही तसंच," तो म्हणाला. "सिग्नल दुसऱ्यांदा लाल झाला ना, तेव्हापासून. मला तेव्हाच कळलं की मला तिथून हलायचं नाहीये."

"पण एक तारखेला हलायचंय."

"हो. तू म्हणालीस तर..."

"खबरदार!" ती म्हणाली. "सहा वर्षं वाट बघितलीत त्या कामाची. ते सोडलंत तर बोल्टाखाली पुन्हा रंग फासून देईन."

तो खो खो हसला. मग दोघांनी घाट चढून पाहिला. चढावर मोटरने इंजिनला हात दिला, उतारावर बॅटरी भरत गेली, आणि तिच्या मांडीवरच्या स्कॅनरच्या पडद्यावर सगळे आकडे कसे शहाण्यासारखे आपापल्या जागी होते. वरच्या वळणावर धुकं उतरलं होतं. खाली शहर, वर ते गाव, मधे जेमतेम दोन तासांचा रस्ता. इतकाच! ती मनातल्या मनात एवढे दिवस त्याला समुद्रापार धाडून बसली होती.

"शनिवारी रात्री वर थांबायचं काही कारण नाही," तो म्हणाला. "खाली येत जाईन. म्हणजे... गाडी दाखवायला. दर आठवड्याला तपासलेली बरी, नाही का?"

तिने स्कॅनर बंद केला आणि मागच्या सीटवर ठेवून दिला.

"गाडीला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "गाडी दाखवायला येऊ नका. मला भेटायला या."